लर्निंगची परीक्षा दुसऱ्यांदा देताना: आधी चुकलं कुठे ते शोधा, मग स्लॉट घ्या

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत १५ प्रश्न येतात आणि ९ बरोबर आले की पास. म्हणजे सहा चुका माफ. एवढी सूट असूनही माणसं नापास होतात, आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी तेच उत्तरांचे फोटो मोबाइलवर चाळून पुन्हा बसतात. त्यातले काही परत अडकतात, कारण पहिल्यांदा काय बिघडलं हे त्यांनी बघितलेलंच नसतं.

पुण्यात यामागे एक खास कारणही आहे. इथल्या मुलाला वा मुलीला लर्निंगच्या आधी दहा-बारा वर्षं स्कूटरवर मागे बसण्याचा अनुभव असतो. सिग्नल पिवळा झाला की गाडी दामटायची, डावीकडे वळायला सिग्नल लागत नाही, झेब्रावर माणूस दिसला की हॉर्न द्यायचा, हे सगळं नकळत अंगात मुरलेलं असतं. परीक्षेतला प्रश्न कायद्याबद्दल विचारतो आणि आपण सवयीतून उत्तर देतो. दुसऱ्या प्रयत्नात मोडायची आहे ती ही सवय. पाठांतर त्यानंतर.

आधी हिशेब

परीक्षेला उणे गुण नाहीत. प्रत्येक प्रश्नाला साधारण ३० सेकंद मिळतात, वेळ संपली की पुढचा प्रश्न येतो आणि न दिलेलं उत्तर चूक धरलं जातं. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

तीन पर्यायांचे प्रश्न धरून गणित करून पाहा. काहीच येत नसताना नुसत्या अंदाजाने १५ पैकी ९ बरोबर येण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास आहे. सहा प्रश्न पक्के येत असतील आणि उरलेले नऊ अंदाजाने ठोकले, तर पास होण्याची शक्यता शंभरात बासष्टच्या घरात जाते. आठ पक्के असतील तर ती चौऱ्याण्णवपर्यंत पोचते. सहापासून आठपर्यंतची ही दोन प्रश्नांची मजल म्हणजेच दुसऱ्या प्रयत्नाचा सगळा अभ्यास. पूर्ण प्रश्नपेढी घोकायची गरज नाही. चिन्हांचा एक गोंधळ निस्तरला आणि अग्रक्रमाचे, म्हणजे कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचं याचे, नियम एकदा नीट समजले की हे दोन प्रश्न हाती येतात.

नापास झालात की बिघाड झाला?

परीक्षा संपल्यावर लगेच, डोक्यात ताजं असतानाच, कागदावर चार रकाने पाडा: चिन्हं, नियम, भाषा, तांत्रिक. आठवतील तेवढे चुकलेले प्रश्न त्यांत टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

चिन्हांचा रकाना भरला असेल तर एका संध्याकाळचा अभ्यास पुरतो. नियमांचा भरला असेल तर दोन-तीन संध्याकाळी लागतील. भाषेचा रकाना लोक सहसा रिकामा सोडतात आणि तिथेच फसतात. मराठी माध्यमात न शिकलेल्या मुलांनी 'मराठी' निवडलं की पडद्यावर अनुज्ञप्ती, पादचारी, प्रतिबंधित, अग्रक्रम, समपार, अरक्षित असे शब्द येतात. अनुज्ञप्ती म्हणजे लायसन्स. समपार म्हणजे रेल्वे रूळ आणि रस्ता एकाच पातळीवर जिथे छेदतात ती जागा, आपलं रेल्वे फाटक. अरक्षित म्हणजे जिथे फाटकवाला नाही. याच्या उलटही घडतं. घरात, शाळेत मराठीच बोलणारा मुलगा 'इंग्रजी सोपं पडेल' म्हणून इंग्रजी घेतो आणि ओव्हरटेक आणि ओव्हरलोडमध्ये गडबडतो. नियम एकच: सराव ज्या भाषेत केला, परीक्षा त्याच भाषेत द्यायची. दुसऱ्या प्रयत्नात भाषा बदलायची असेल तर सरावही नव्या भाषेत पुन्हा करा.

तांत्रिक रकान्याची गोष्ट वेगळी आहे. घरून परीक्षा देताना इंटरनेट तुटलं, कॅमेऱ्यासमोरून चेहरा हलला, मागून कोणीतरी डोकावलं, असल्या कारणाने परीक्षा मध्येच थांबली असेल तर अभ्यासाचा दोष नाही. तरीही तो रकाना भरा, म्हणजे पुढच्या वेळी मांडणी बदलाल.

पैसे आणि स्लॉट

हा भाग किरकोळ आहे, पण गोंधळ इथेच जास्त होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लर्निंग लायसन्सची फी प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेची फी ५० रुपये. दुचाकी आणि कार दोन्हींसाठी अर्ज केला असेल तर ३०० अधिक ५०, असे ३५०. फेरपरीक्षेला फक्त ५० रुपये लागतात. १५० किंवा ३०० परत भरायचे नसतात, कारण ती रक्कम लायसन्स देण्याची आहे आणि तुमचा अर्ज अजून जिवंत आहे. नवीन अर्ज करू नका. 'पहिला बाद झाला, आता नव्याने भरावं लागेल' असं सांगून कोणी पूर्ण फी मागत असेल तर ५० रुपयांचं हे काम स्वतः करा.

क्रम असा. सारथी परिवहन पोर्टलवर राज्य म्हणून महाराष्ट्र निवडा. 'ॲप्लिकेशन स्टेटस'मध्ये अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून निकालाची नोंद झाली आहे का ते आधी बघा. नोंद दिसल्यावर 'फी पेमेंट्स'मध्ये जाऊन फेरपरीक्षेची फी भरा. खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, असं बरेचदा होतं. तेव्हा दुसऱ्यांदा भरायची घाई नको. पेमेंटची स्थिती तपासायची सोय त्याच पोर्टलवर आहे, तिथे अर्ज क्रमांक टाकला की अडकलेला व्यवहार जुळून पावती निघते. मग कार्यालयात परीक्षा द्यायची असेल तर 'अपॉइंटमेंट्स'मधून लर्निंग टेस्टचा स्लॉट घ्यायचा. पोर्टल ज्या तारखा उघडेल त्याच खऱ्या.

सात दिवस थांबायचं, तीनदा नापास झालं की ६० दिवस थांबायचं, असं कोणीतरी हमखास सांगतं. तो नियम मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ मधला आहे आणि प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायच्या, म्हणजे पक्क्या लायसन्सच्या चाचणीचा आहे. लर्निंगच्या संगणकावरच्या परीक्षेला तो लावू नका.

पुण्यात राहणाऱ्यांनी पावतीवरचा पत्ता नीट वाचावा. एमएच-१२ चं मुख्य कार्यालय संगम पुलाजवळ आहे, आळंदी रस्त्यावर फुलेनगरची जागा वेगळी आहे, भोसरीला नाशिक फाट्याजवळ आयडीटीआरचा, म्हणजे वाहनचालक प्रशिक्षण संस्थेचा, चाचणी ट्रॅक आहे आणि पिंपरी-चिंचवडचं एमएच-१४ हे कार्यालयच निराळं. सकाळच्या गर्दीत चुकीच्या ठिकाणी पोचलात तर नदी ओलांडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत स्लॉट गेलेला असतो.

घरून की कार्यालयात

आधारच्या ई-केवायसीने अर्ज केलेल्यांना महाराष्ट्रात जून २०२१ पासून ही परीक्षा घरून देता येते. आधारशिवाय अर्ज केला असेल तर कार्यालयातच जावं लागतं.

घरून देताना अडचणी अभ्यासाच्या कमी आणि खोलीच्या जास्त असतात. उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो. खोलीत दुसरं कोणी नको. दोन खोल्यांच्या घरात हे जमवणं अवघड असतं, तेव्हा घरातले सगळे कामाला-शाळेला गेल्यावरची वेळ धरा. डोक्यावर टोपी, कानात इअरफोन नको. आधी दाखवला जाणारा रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघा. पळवून पुढे न्यायचा प्रयत्न केला तर परीक्षेचं दार उघडत नाही. आणि तो नुसता सोपस्कार समजू नका, त्यातल्या गोष्टींवर प्रश्न येतात.

मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा, कारण चिन्हाचं चित्र मोठं दिसतं. लॅपटॉप नसेल तर मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून चेहऱ्याच्या उंचीवर ठेवा आणि येणारे कॉल बंद करा. परीक्षेचा पासवर्ड एसएमएसने येतो, म्हणून अर्जात दिलेला नंबर हाताशी हवा. बाबांचा नंबर दिला असेल आणि बाबा ऑफिसात असतील तर तेवढ्यावरून अख्खी सकाळ वाया जाते.

ज्यांना पहिल्यांदा घरून तांत्रिक कारणाने त्रास झाला त्यांनी दुसऱ्यांदा कार्यालयात जाण्याचा पर्याय दिसत असेल तर तो घ्यावा. तिथे नेट आणि कॅमेऱ्याची काळजी तुमची नसते. अर्जाची पावती, स्लॉटची पावती आणि अर्जाला जोडलेली मूळ कागदपत्रं सोबत ठेवा.

तुमच्याऐवजी एजंटचा माणूस उत्तरं देईल, ही वाट पुण्यात सहज सुचवली जाते. खोटेपणाने मिळवलेलं लायसन्स रद्द करण्याचा आणि त्या माणसाला लायसन्स धारण करण्यास अपात्र ठरवण्याचा अधिकार कलम १९ मध्ये आहे. ५० रुपयांच्या फेरपरीक्षेसाठी एवढा धोका घेणं शहाणपणाचं नाही.

चिन्हं: आकारापासून सुरुवात करा

शेकडो चित्रं पाठ करणाऱ्याला ऐन वेळी तीही आठवत नाहीत. आधी आकार ओळखा. गोल चिन्ह हुकूम देतं, त्रिकोण सावध करतो, निळी चौकट माहिती देते. गोलातही दोन जाती आहेत. लाल कडेचा गोल मनाई किंवा मर्यादा सांगतो, निळा गोल 'हे कराच' म्हणतो. म्हणून लाल कडेतला ५० म्हणजे ५० च्या वर जायचं नाही, आणि निळ्या गोलातला ५० म्हणजे त्याच्या खाली यायचं नाही. हॉर्नचंही तसंच. निळ्या गोलातला हॉर्न वाजवणं सक्तीचं आहे, लाल तिरपी रेघ मारलेला हॉर्न वाजवायचा नाही. घाटातल्या आंधळ्या वळणावर पहिलं, रुग्णालयाजवळ दुसरं.

दोन चिन्हं आकाराचा नियम मोडतात आणि ती मुद्दाम तशी केली आहेत: थांबा हे अष्टकोनी, आणि मार्ग द्या हा उलटा त्रिकोण. धुळीने माखली, रंग उडाला, मागून पाहिली तरी आकारावरून ओळखू यावीत म्हणून. त्रिकोण असूनही 'मार्ग द्या' हे सावधगिरीचं चिन्ह नाही, आदेशाचं आहे. प्रश्नात तीन पर्याय देऊन नेमकं हेच विचारतात.

यापुढे नापास झालेल्यांचे गुण जिथे गळतात त्या जोड्या. या एकमेकींशेजारी काढून बघा, एकेकट्या नाही.

लाल गोलात आडवी पांढरी पट्टी म्हणजे प्रवेश बंद, त्या दिशेने जायचं नाही. लाल कडेचा पूर्ण कोरा पांढरा गोल म्हणजे दोन्ही दिशांनी सर्व वाहनांना बंदी. कोरा गोल बघून 'काहीच नाही, म्हणजे बंदी संपली' असं वाटतं. बंदी संपल्याचं चिन्ह वेगळं आहे, त्यात पांढऱ्या गोलावर काळी तिरपी रेघ असते.

पार्किंग मनाईला एकच तिरपी लाल पट्टी. थांबण्यास वा उभे राहण्यास मनाईला दोन पट्ट्यांची फुली. पहिल्या ठिकाणी माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं, दुसऱ्या ठिकाणी तेवढंही नाही. पुण्यात सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ फलक बघून वाढलेल्यांचा इथे गोंधळ होतो. ती शहरातली व्यवस्था आहे, परीक्षेतल्या चिन्हांशी तिची सांगड घालू नका.

उंचीची मर्यादा आणि रुंदीची मर्यादा: आकड्याच्या वर-खाली टोकं असतील तर उंची, डाव्या-उजव्या बाजूला असतील तर रुंदी. वजनाची मर्यादा आणि आसाच्या वजनाची मर्यादा: चाकांचा आस काढलेला असेल तर दुसरी.

रेल्वे फाटकाच्या त्रिकोणात कुंपणासारखं फाटक काढलं असेल तर रक्षित, आगगाडीचं इंजिन काढलं असेल तर अरक्षित. फाटक दिसतंय म्हणजे तिथे फाटक आहे, इतकं सरळ आहे. तरी 'रेल्वे' म्हटलं की बोट इंजिनावरच जातं. त्रिकोणाखालच्या फलकावर दोन पट्ट्या असतील तर फाटक २०० मीटरवर आहे, एक पट्टी असेल तर ५० ते १०० मीटरवर.

रुग्णालयाच्या चिन्हात खाट असते. नुसता लाल क्रॉस म्हणजे प्रथमोपचार केंद्र.

डावे वळण मनाई आणि सक्तीचे डावे वळण यांत बाण तोच, रंग आणि तिरपी रेघ वेगळी. 'डावीकडे ठेवा' आणि 'डावीकडे वळा' हेही एक समजू नका. पहिल्यात तुम्ही त्याच रस्त्यावर सरळ जात असता, फक्त दुभाजकाच्या डाव्या अंगाने.

या आठ-दहा जोड्या कागदावर हाताने काढा. चित्रकला वाईट असली तरी चालेल. हात एकदा फिरला की डोळ्याला फरक दिसायला लागतो.

नियम: इथे सवय बाजूला ठेवायची

परीक्षेत काय विचारायचं हे केंद्रीय नियमांच्या नियम ११ मध्ये लिहिलेलं आहे: चिन्हं आणि रस्त्याचे नियम, अपघातानंतर चालकाची कर्तव्यं, अरक्षित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि सोबत ठेवायची कागदपत्रं. ६० टक्क्यांची अटही तिथलीच. शेवटचे तीन विषय इवलेसे आहेत आणि पहिल्यांदा बसणारे नेमके तेच सोडतात. अर्ध्या तासात पक्के होणारे गुण आहेत ते.

अरक्षित फाटकाचं उत्तर 'हॉर्न वाजवून सावकाश जा' असं नसतं. कलम १३१ सांगतं की गाडी थांबवायची, सोबतच्या माणसाने उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी गाडी वा ट्रॉली येत नाही याची खात्री करायची आणि मग वाहन पार करून द्यायचं. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचं. पर्यायांत 'वेग कमी करून दोन्हीकडे पाहा' असं गोंडस वाक्य असतं. त्यावर बोट ठेवू नका.

अपघाताचं कलम १३४. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात पोचवायची खटपट करायची, जमाव भडकला असेल वगैरे कारण असल्यास तेवढी सूट आहे. जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. '२४ तास' हा आकडा आणि 'आधी जखमी, मग ठाणं' हा क्रम, एवढं लक्षात ठेवा.

कागदपत्रांत लायसन्स, नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, विमा आणि पीयूसी. प्रवासी वा मालवाहू गाडीला परमिट आणि फिटनेसही. कागद हातात नसला तरी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली प्रत चालते.

आता अग्रक्रमाकडे येऊ. कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचं, हा परीक्षेतला सर्वांत मोठा भाग आणि रस्त्यावर सर्वांत जास्त मोडला जाणारा.

सिग्नल नसलेल्या चौकात तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात, म्हणजे वर्तुळात शिरताना, आधीच आत फिरत असलेल्याला. अरुंद पुलावर समोरचं वाहन शिरायच्या बेतात असेल तर ते पार होईपर्यंत थांबायचं. घाटात चढणाऱ्याला आधी. कात्रज किंवा दिवे घाटात उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी परत हलवणं जड जातं, प्रसंगी ती मागेही घसरते. कारण समजलं की उत्तर पाठ करावं लागत नाही. झेब्रावर पादचारी वाट बघत असतील तर थांबा, ते गेल्यावर पुढे जा. पर्यायांत 'हॉर्न वाजवून पुढे जा' असतोच, कारण पुष्कळ लोक तेच करतात हे प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक आहे. रुग्णवाहिका वा अग्निशमन गाडी मागून आली की बाजूला होऊन वाट द्यायची. तिच्यामागोमाग आपणही सुटायचं, हे कुठल्याच पर्यायात बरोबर नसतं.

ओव्हरटेक उजवीकडून. डावीकडून फक्त तेव्हा, जेव्हा पुढच्याने उजवीकडे वळण्याचा इशारा दिला आहे. सलग पिवळी रेघ ओलांडायची नाही. तुटक पांढरी असेल तर गरज पडल्यास लेन बदलता येते. मागचा ओव्हरटेक करू पाहत असेल तर त्याला अडवायचं नाही आणि आपला वेगही वाढवायचा नाही.

सिग्नलचे प्रश्न सोपे वाटतात, म्हणून चुकतात. हिरव्यानंतर पिवळा लागला आणि तुम्ही थांबण्याच्या रेषेच्या अलीकडे आहात, तर थांबायचं. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबा, सुरक्षित असेल तर पुढे जा. लुकलुकणारा पिवळा म्हणजे हळू व्हा, सावधपणे जा. रात्री उशिरा आपल्याकडचे सिग्नल पिवळे लुकलुकतात, ते 'सिग्नल बंद आहे' असं समजून चालवणारे इथे हमखास चुकतात. लाल असताना डावीकडे वळायला फलक किंवा हिरवा बाण हवा. 'डावीकडे नेहमीच मोकळं' असा नियम नाही.

एक प्रश्न सगळ्यांना उलटा वाटतो: पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने कुठून चालावं? उजव्या बाजूने. समोरून येणारी गाडी त्याला दिसावी म्हणून.

हाताचे इशारे आज कोणी देत नाही, पण प्रश्न येतात. उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे: उजवीकडे वळतोय. हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला: डावीकडे वळतोय. तळवा खाली करून हात वर-खाली: वेग कमी करतोय. कोपरापासून हात उभा वर: थांबतोय. आरशासमोर खुर्चीवर बसून दोनदा करा, घरचे हसले तरी.

आकड्यांपैकी एवढे पुरेत. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. दुचाकीवर चालकामागे एकच माणूस. गिअरच्या दुचाकीला आणि कारला वय १८, विनागिअर ५० सीसीपर्यंत पालकांच्या संमतीने १६. लर्निंगची मुदत सहा महिने. वेगमर्यादेच्या आकड्यांबाबत सावध राहा. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा बदलल्या, पण बाजारातल्या पुस्तिकांत आणि फिरणाऱ्या पीडीएफमध्ये दुचाकीला ५० असले जुने आकडे अजून छापलेले दिसतात. म्हणून अशा प्रश्नांचा सराव पोर्टलवरच्या सराव परीक्षेतूनच करा.

चार संध्याकाळी

पहिल्या संध्याकाळी पोर्टलची सराव परीक्षा काहीही न वाचता द्या आणि चुकलेले प्रश्न त्या चार रकान्यांत टाका. दुसरी चिन्हांच्या जोड्यांची. तिसरीला अग्रक्रम, फाटक, अपघात, कागदपत्रं. चौथीला घड्याळ लावून तीन सराव परीक्षा, एकामागून एक. तिन्हींत १२ किंवा जास्त आले की स्लॉट घ्या. एकदा १३ आणि एकदा ८ येत असतील तर अजून अंदाजच चालू आहे. परीक्षेच्या ताणात दोन-तीन गुण कमी होतात, म्हणून ९ वर समाधान नको.

प्रश्न वाचताना 'नाही', 'मनाई', 'खालीलपैकी कोणते चूक' हे शब्द शोधा. ३० सेकंदांत आधी प्रश्न पूर्ण वाचा, मनात उत्तर ठरवा, मग पर्याय बघा. पर्याय आधी वाचले की ओळखीचं वाक्य ओढून घेतं. दोन पर्यायांत अडलात तर ज्यात थांबणं किंवा दुसऱ्याला वाट देणं आहे तो निवडा. दर वेळी बरोबर येईलच असं नाही, पण अंदाज करायचाच तर या बाजूने करा.

ज्यांना ही परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही

दुचाकीचं चालू लायसन्स आहे आणि आता कार जोडायची आहे, अशांना नियम ११ मधूनच लेखी परीक्षेची सूट आहे. त्यांना नव्या वाहनप्रकाराचं लर्निंग आणि गाडी चालवायची चाचणी लागते. लायसन्सची मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला असेल तर मात्र चालवण्याची चाचणी पुन्हा दिल्याशिवाय नूतनीकरण होत नाही.

पास झाल्यावर लगेच

पोर्टलवरून लर्निंग लायसन्स म्हणजे नमुना ३ छापून घ्या आणि नाव, जन्मतारीख, वाहनप्रकार तपासा. दुरुस्ती आताच केलेली बरी. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. फलक किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद हवं. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा छोटा स्टिकर यात बसत नाही. कार शिकताना शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस हवा, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. दुचाकीवर मागे फक्त असा शिकवणारा चालतो, मित्र नाही. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय बसता येत नाही आणि लर्निंगची मुदत सहा महिन्यांची आहे. पुण्यात चाचणीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून तिसावा दिवस उलटला की त्याच आठवड्यात स्लॉट बघायला लागा.